करुणेला बाईचं रूप कुणी दिलं?

(आपल्या गटाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय 'करुणेची देवी' असा कळवला, तेव्हा आपल्यातल्या एकीनं मला लगेच विचारलं, "आता आपण देव्यांच्या गोष्टी सांगत बसायचं का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा विषय का घेतला ते आधी सांगते.

८ मार्चच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलावलेले गृहस्थ हमखास एक वाक्य बोलतात : स्त्री म्हणजे साक्षात करुणेची मूर्ती. टाळ्याही पडतात. आणि त्याच आठवड्यात आपल्या सल्ला केंद्रात एखादी बाई येते. हाताला प्लॅस्टर असतं. सोबत आई किंवा मावशी असते. ती म्हणते, "पुरुषमाणूस आहे, राग येतो त्याला. बाईच्या जातीनं पोटात घालायला नको का?" व्यासपीठावरचं ते वाक्य आणि टेबलापलीकडचं हे वाक्य, दोन्हींचं मूळ एकच आहे असं मला वाटत आलं आहे. करुणा हा बाईचा उपजत गुण, म्हणून सोसणं हे बाईचं काम, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब तपासायला बौद्ध परंपरेतल्या एका मूर्तीचा प्रवास फार उपयोगी पडतो. कारण ही करुणेची मूर्ती मुळात पुरुषाची होती. ती बाई झाली ती पुढे, एका विशिष्ट समाजात, शे-दोनशे नव्हे तर कितीतरी शतकांच्या घडामोडीतून. आणि बाई झाल्यावर तिचं काय झालं, ते आपल्या कामाचं आहे.

आपल्या डोंगरातला अवलोकितेश्वर

सुरुवात घरापासून करू. छत्रपती संभाजीनगरजवळ औरंगाबाद लेणी आहेत. बीबी का मकबऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात. अजिंठा-वेरूळच्या घाईत ती बघायची राहून जातात. तिथलं सातवं लेणं सहाव्या शतकातलं. त्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटी. प्रत्येक चौकटीत एक संकट कोरलंय. आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. आणि एका चौकटीत मृत्यू एका आईच्या मांडीवरचं मूल ओढून न्यायला आलाय. प्रत्येक चौकटीत अवलोकितेश्वर हवेतून धावून येताना दिसतो. अशीच चौकटींची मूर्ती अजिंठ्यात आहे, मुंबईजवळ कान्हेरीलाही आहे.

ज्यांनी ही लेणी कोरवली त्यांत व्यापारी पुष्कळ होते. ही संकटं त्यांच्या वाटेवरची, जहाजांवरची आहेत. चिनी भिक्षू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे घरी परतत होता. वादळात सापडला तेव्हा त्यानं याच अवलोकितेश्वराचा धावा केला, असं त्याच्या प्रवासवर्णनात आहे.

म्हणजे करुणा ही इथे घरातली हळवी गोष्ट नव्हती. बेड्या तोडणं, बुडत्याला काढणं, शस्त्रासमोर उभं राहणं, ही करुणेची कामं होती. आणि ती करणारा पुरुष होता.

याच सातव्या लेण्यात आत गेलं की सखींसह उभ्या असलेल्या स्त्रीमूर्ती दिसतात. गाभाऱ्यात एक नाचणारी स्त्री आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना वाद्यं वाजवणाऱ्या सहाजणी. तिला अभ्यासक बहुधा तारा मानतात. तारेबद्दल एक गोष्ट तिबेटी परंपरेत सांगतात. तारानाथ या विद्वानानं १६०४ साली लिहिलेल्या तिच्या इतिहासात ती आहे. ज्ञानचंद्रा नावाची एक राजकन्या होती. तिची साधना पाहून भिक्षूंनी तिला सल्ला दिला : पुढचा जन्म पुरुषाचा मिळो अशी प्रार्थना कर, म्हणजे काम पुरं होईल. तिनं उत्तर दिलं, त्याचा आशय असा : पुरुष आणि बाई हे भेद मुळात पोकळ आहेत, पण पुरुषदेहात बोधी मिळवू पाहणारे पुष्कळ आहेत, बाईच्या देहात राहून काम करणारं कुणी नाही, तेव्हा मी शेवटपर्यंत बाईच्याच देहात राहीन. हीच पुढे तारा झाली. सल्ला देणाऱ्या भिक्षूंची नावं गोष्टीत नाहीत, हे एक बरंच झालं.

जिथे तो पुरुषच राहिला

आता अवलोकितेश्वर आशियात सगळीकडे गेला, पण सगळीकडे बाई झाला नाही. तिबेटात तो पुरुषच राहिला. दलाई लामांना त्याचाच अवतार मानतात. श्रीलंकेत तो नाथ या नावानं राजसत्तेचा रक्षक झाला. कंबोडियात बाराव्या शतकाच्या शेवटी राजा सातवा जयवर्मन यानं त्याची उपासना मोठ्या प्रमाणावर वाढवली. थोडक्यात, या देशांत करुणा राजाच्या शेजारी जाऊन बसली. तिथे कुणाला ती 'बायकी' वाटली नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध विचारात करुणा आणि तिचे उपाय हे पुरुषतत्त्व मानलं आहे, आणि प्रज्ञा, म्हणजे खरी समज, हे स्त्रीतत्त्व. प्रज्ञापारमितेला सगळ्या बुद्धांची आई म्हटलं आहे. आपण लहानपणापासून ऐकतो की पुरुषाला डोकं आणि बाईला हृदय. इथे वाटणी बरोबर उलटी आहे. ही उलटी वाटणी खरी आणि आपली खोटी, असं मला म्हणायचं नाही. वाटणी माणसं करतात, एवढंच यातून घ्यायचं.

चीनमध्ये काय घडलं

चीनमध्ये अवलोकितेश्वराचं नाव झालं क्वान-यिन. अर्थ साधारण असा, की जगातला आक्रोश ज्याला किंवा जिला कळतो. या देवतेची मुख्य पोथी म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्रातला एक अध्याय. कुमारजीवानं इ. स. ४०६ मध्ये त्याचं चिनी भाषांतर केलं, तेच पुढे सगळीकडे वाचलं गेलं. त्यात क्वान-यिन लोकांना वाचवायला तेहतीस रूपं घेते असं सांगितलंय, आणि त्यांतली सात रूपं बाईची आहेत : भिक्षुणी, उपासिका, गृहस्थाची बायको, लहान मुलगी अशी. आज उपलब्ध असलेल्या संस्कृत पाठात मात्र स्त्रीरूप नाही. म्हणजे चिनी पाठात बाईला आत यायला एक दार उघडं मिळालं.

तरी ती लगेच आत आली नाही. चीनच्या पश्चिम सीमेवर तुन-हुआंगच्या गुहांमध्ये सापडलेली दहाव्या शतकापर्यंतची चित्रं बघा. क्वान-यिनच्या अंगावर दागिने आहेत, वस्त्रं तलम आहेत, आणि ओठावर बारीक मिशी आहे! मग हळूहळू पांढरं वस्त्र डोक्यावरून घेतलेली क्वान-यिन दिसू लागते, आणि पुढच्या तीन-चार शतकांत लोकांच्या मनात ती पूर्णपणे बाई होते. तिची अनेक रूपं झाली. त्यांतली एक मासळीवाली आहे. ही सुंदर मुलगी गावात मासे विकायला येते. गावातल्या तरुणांची लग्नासाठी रांग लागते. ती अट घालते, जो सूत्र पाठ करील त्याच्याशी लग्न करीन. एकेक पोथी पाठ करता करता सगळे गळतात, शेवटी मा नावाचा एकजण उरतो. लग्नाच्या दिवशी ती मरून जाते. गावाला धर्म मिळतो, नवरदेवाला बायको मिळत नाही.

हा बदल का झाला? एकच कारण सांगता येणार नाही. बुद्ध, भिक्षू, पितर, राजा, सगळीकडे पुरुषच असलेल्या धर्मात एक मोकळी जागा होती. घराघरात पूजा करणाऱ्या बायका होत्या, त्यांना आपलं गाऱ्हाणं ऐकणारी कुणी हवी होती. बाळंतपणात मरणाऱ्या बायका, जगत नसलेली मुलं, सासुरवास. अशी गाऱ्हाणी मिशीवाल्या देवाला सांगणं अवघडच.

पण बाई झाल्याबरोबर तिला बाईची कामंही लावली गेली, हेही बघा. त्या सूत्रात एक आश्वासन आहे. ज्या बाईला मुलगा हवा तिला गुणी मुलगा होईल, आणि जिला मुलगी हवी तिला देखणी मुलगी होईल. मुलगी हवी असू शकते, हे त्या जुन्या पोथीनं गृहीत धरलं होतं. पुढे या देवतेचं जे सर्वात लोकप्रिय रूप झालं ते मूल देणाऱ्या क्वान-यिनचं. आणि मूल म्हणजे मुलगा! तिच्या मांडीवर मुलगाच असतो. सूत्रातली मुलगी वाटेत कुठे हरवली ते कुणी विचारलं नाही. २००४ च्या सुमारास चीनमध्ये दर १०० मुलींमागे साधारण १२० मुलगे जन्मत होते. देवी बाई असली म्हणून मुलीचा जन्म सुरक्षित होत नाही, हे आपल्या देशातल्या बायांना वेगळं सांगायला नकोच.

फूच्येन प्रांतातल्या तेहुआ गावी दुधासारख्या पांढऱ्या चिनी मातीच्या क्वान-यिन घडत. त्यांतल्या काही मूल घेतलेल्या होत्या. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, तेव्हा लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशाच मूर्ती घरात ठेवल्या आणि त्यांच्यापुढे मेरीची प्रार्थना केली. बाहेरून पाहणाऱ्याला कान्नोन, म्हणजे जपानी क्वान-यिन, घरच्यांना मेरी. संकटातल्या माणसांना मूर्तीच्या नावापेक्षा तिचं ऐकून घेणं जास्त महत्त्वाचं वाटलं असावं.

राजकन्या म्याओ-शान

आता मुख्य गोष्टीकडे येते. क्वान-यिन बाई झाली ती एका कथेमुळे पक्की झाली. चीनच्या हेनान प्रांतात श्यांगशान नावाचं देवस्थान आहे. तिथे इ. स. ११०० मध्ये एक शिलालेख उभारला गेला. मजकूर च्यांग च-छी या अधिकाऱ्याचा. त्यात ही कथा येते. पुढे तिच्या पोथ्या झाल्या, आणि आपल्याकडे पारायणाला बायका जमतात तशा तिथल्या बायका एकत्र बसून त्या मोठ्यानं वाचत किंवा ऐकत.

एका राजाला तीन मुली. धाकटी म्याओ-शान. थोरल्या दोघींची लग्नं झाली, हिनं नकार दिला. आईनं समजावलं. ती म्हणाली, लग्नानं म्हातारपण, आजार आणि मरण ही तीन दुःखं टळणार असतील तर करते. राजा चिडला. तिला बागेत पाणी वाहायला लावलं, उपाशी ठेवलं. मग भिक्षुणींच्या मठात पाठवलं आणि तिथल्या भिक्षुणींना बजावलं, इतकी कामं लावा की ती घरी परत येईल. ती आली नाही. तेव्हा राजानं मठ जाळला, भिक्षुणी मारल्या. पोथ्यांमध्ये त्यांची संख्या पाचशे दिली आहे. मुलीला मारण्याचा हुकूम झाला, पण ती वाचली आणि डोंगरात जाऊन साधना करू लागली.

काही वर्षांनी राजाला असाध्य आजार झाला. एका भिक्षूनं औषध सांगितलं. ज्याच्या मनात राग नाही अशा माणसाचे हात आणि डोळे लागतील. असं माणूस डोंगरात एकच होतं. राजाचे दूत गेले. तिनं आपले डोळे काढून दिले, हात तोडून दिले. राजा बरा झाला आणि आभार मानायला डोंगरावर गेला. समोर हात नसलेली, डोळे नसलेली तपस्विनी. राणीनं ओळखलं, ही आपली मुलगी. त्या क्षणी ती सहस्र हात आणि सहस्र डोळ्यांची क्वान-यिन झाली.

पहिल्यांदा ही कथा वाचली तेव्हा मला संताप आला. ज्या बापानं जाळायला काढलं, त्यालाच बरं करायला मुलीचे हात! आणि अट काय, तर राग नको! आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला हेच तर सांगतात. आणि त्या पाचशेजणींचं काय? त्यांना कुणी हात दिले नाहीत. राजाला साधा जाबसुद्धा कुणी विचारला नाही.

हा संताप आजही गेलेला नाही. तो खोटाही नव्हता. व्यवस्थेनं या कथेतला शेवटचा भाग उचलला. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत, आजारी सासू-सासऱ्यांसाठी सुनेनं स्वतःच्या मांडीचं मांस कापून औषधात घालावं, याचे गोडवे गायलेले आढळतात. अशा कितीतरी हकीकतींत क्वान-यिन येऊन त्या सुनेला आशीर्वाद देते. याच काळात पुनर्विवाह न करणाऱ्या विधवांच्या नावानं कमानी उभारल्या जात. करुणेच्या देवीला त्यागाच्या कारखान्यात मुकादम म्हणून बसवलं गेलं, असंच म्हणावं लागेल.

कथेचा पहिला भाग ज्यांनी उचलला

पण बायका त्या पोथीत आणखी काहीतरी वाचत होत्या. शेवटाच्या आधी, म्हणजे कथेच्या सुरुवातीला, एक 'नाही' आहे. म्याओ-शान बापाला हात देते ते कथेच्या शेवटी, स्वतःहून. तिच्या लग्नाचा हक्क मात्र ती त्याला एकदाही देत नाही. ती रागावत नाही, आणि ऐकतही नाही. आपल्याला शिकवलेलं असतं की जी ऐकत नाही ती भांडखोर आणि जी शांत ती आज्ञाधारक. म्याओ-शान शांत आहे, आणि आज्ञाधारक नाही.

हे कुणाच्या लक्षात आलं? दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात मोती नदीच्या मुखाजवळ शुंदे, नानहाय, पान्यू हे रेशमाचे भाग आहेत. तिथल्या मुली कोश उकळून रेशीम काढायच्या. १८७० नंतर तिथे वाफेवर चालणारे रेशमाचे कारखाने आले आणि मुलींच्या हातात रोख मजुरी आली. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत या भागात हजारो मुलींनी लग्न करायचं नाकारलं. कुमारिका वेणी घालत, लग्नात नवरीचा अंबाडा बांधत. या मुलींनी नवऱ्याशिवायच स्वतःचा अंबाडा बांधायचा विधी केला. क्वान-यिनच्या मूर्तीपुढे, मैत्रिणींच्या साक्षीनं, शपथ घेऊन. म्हणून त्यांचं नाव पडलं, 'स्वतःचे केस स्वतः बांधलेल्या'.

मार्जोरी टॉपली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशा वृद्ध स्त्रियांशी बोलून १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. या बायकांकडे क्वान-यिनची कथा सांगणाऱ्या पोथ्या असत. त्यांचं म्हणणं साधं होतं : देवीनं लग्न केलं नाही, बापाचं ऐकलं नाही, तरी ती देवी झाली, मग आम्ही कसं पाप केलं? बाळंतपणाच्या रक्तानं बाई विटाळते आणि मेल्यावर रक्ताच्या तळ्यात पडते, असं तिथला धर्म बायकांना सांगत होता. या बायकांनी तो धाकच निरर्थक केला. मूलच नको, तर तळं कुठलं!

अर्थात त्यांची मुक्तता पुरी नव्हती. मजुरीतला मोठा वाटा माहेरी जाई. त्यावर भावांची लग्नं होत. पण मरताना माहेरच्या घरात जागा नसे. न लग्न झालेल्या मुलीनं बापाच्या घरात मरणं अशुभ. म्हणून त्यांनी पैसे साठवून स्वतःची सामाईक घरं घेतली. आजारपणात एकमेकींनी बघायचं, मेल्यावर एकमेकींचं करायचं. १९३० च्या दशकात रेशमाचा धंदा बसला, तेव्हा यांतल्या कितीतरी हाँगकाँग आणि सिंगापूरला घरकाम करायला गेल्या. पांढरा सदरा, काळी विजार, डोक्यावर घट्ट अंबाडा. शुंदे भागात त्यांनी परदेशातून पैसे गोळा करून १९५० च्या सुमारास बांधलेली म्हातारपणाची वास्तू अजून उभी आहे. आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीत परित्यक्ता बायांचे मेळावे झाले तेव्हा पहिली मागणी कुठली होती, आठवतंय ना? छप्पर आणि रेशनकार्ड. त्या रेशीमवाल्या बायकांनाही हेच कळलं होतं. 'नाही' म्हणायला धैर्य लागतं, पण 'नाही' टिकवायला छप्पर लागतं, मजुरी लागते, आणि मैत्रिणी लागतात. देवीनं त्यांना परवानगी दिली असेल. घर त्यांचं त्यांनीच बांधलं.

व्हिएतनामची थी किन्ह, जपानचा हिशेब

व्हिएतनाममध्ये क्वान-यिनला क्वान आम म्हणतात. तिथे 'चेओ' या लोकनाट्यात तिची एक वेगळी गोष्ट लोकांना तोंडपाठ आहे. थी किन्हचा नवरा झोपलेला असतो. त्याच्या दाढीचा एक आडवा वाढलेला केस तिला दिसतो. ती तो कापायला चाकू घेते, नवरा दचकून उठतो आणि ओरडतो, ही मला मारतेय! सासरचे तिला हाकलतात. ती पुरुषवेष घेऊन मठात भिक्षू होते. मग गावातली थी माउ तिच्यावर भाळते, नकार मिळाल्यावर दुसऱ्यापासून झालेलं मूल या 'भिक्षू'च्या नावावर टाकते. थी किन्ह एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ती बोलत नाही. मठातून बाहेर काढली जाते, दारोदार दूध मागून ते मूल वाढवते. मेल्यावर अंत्यविधीच्या वेळी कळतं, ही तर बाई.

ही कथा सोशिकपणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पण नाटक बघायला बसलेल्या बायकांना आणखी एक गोष्ट दिसत असणारच. कुणीही चौकशी न करता, दोन्ही वेळा, न्याय काय झाला ते! प्रेक्षक बायका रडतात त्या थी किन्हसाठी, पण त्यांना तो न्याय करणारी माणसं घरची ओळखीची वाटत असली पाहिजेत.

जपानमध्ये हिशेब अगदी उघड मांडला गेला. तिथे १९४८ पासून गर्भपाताला कायद्यानं मुभा होती, पण गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली थेट १९९९ साली. मधल्या काळात बायकांपुढे फारसा पर्याय नव्हता. १९७० नंतर अनेक देवळांनी जन्माला न आलेल्या मुलांसाठी विधी सुरू केले. जिझो नावाच्या बोधिसत्त्वाच्या आणि कान्नोनच्या मूर्तींपुढे बायकांनी क्षमा मागायची, वर दक्षिणा द्यायची. काही ठिकाणी तर, विधी न केल्यास त्या मुलाचा कोप होईल असा धाकही घातला गेला. तिथे जाणाऱ्या सगळ्याच बायका फसलेल्या होत्या असं मी म्हणणार नाही. दुःखाला कुठेतरी जागा लागते. पण त्या मूर्तींपुढे क्षमा मागायला गोळी अडवून धरणारे अधिकारी आले नाहीत. पश्चात्तापाचं बिल बाईच्याच नावानं फाटलं.

उंच मूर्ती आणि बांबूची नळी

चीनच्या चच्यांग प्रांताच्या किनाऱ्याजवळ पुतुओ नावाचं बेट आहे. क्वान-यिनचं हे मोठं तीर्थ. नाव आलंय 'पोतलक' या शब्दावरून. अवलोकितेश्वराचा हा डोंगर आपल्या दक्षिण भारतात आहे असं जुने ग्रंथ सांगतात. १९९७ साली तिथे ३३ मीटर उंचीची मूर्ती उभी राहिली. २००५ साली हायनान बेटावर १०८ मीटरची झाली. मूर्ती उंच होत चालली आहे. खालून बोललेलं तिला ऐकू जातं का, हा प्रश्न मला उगीच पडतो.

त्यापेक्षा मला तैवानमधली एक लहान गोष्ट आवडते. १९६६ साली चेंग येन नावाच्या भिक्षुणीनं ह्वालिएन गावात तीस गृहिणींना बांबूच्या नळ्या दिल्या. रोज भाजीच्या पैशांतून पन्नास सेंट त्यात टाकायचे, त्यातून गरिबांना मदत करायची. ती पुढे लाखो लोकांची 'त्सू-ची' ही संस्था झाली. रुग्णालयं उभी राहिली, भूकंपात मदत गेली. क्वान-यिनचे सहस्र हात म्हणजे आपणच, अशी त्यांची भावना आहे. तिथेही घरात बाईनं नमतं घ्यावं असा उपदेश होतोच, आणि त्यावर टीकाही झाली आहे. पण घरातून बाहेर पडलेली, हिशेब ठेवणारी, सभा चालवणारी बाई तिथे दिसते, हे नाकारून चालणार नाही.

हातातला डोळा

आता शेवटाकडे येते. आपल्यात बौद्ध मैत्रिणी आहेत. त्यांच्या घरी कुठलीच देवी नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यांना देवी घ्या असं सांगायला मी आलेले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माचे दोन आधार सांगितले, प्रज्ञा आणि करुणा. दोन्ही एकत्र. आपल्या विषयाचं सार मला याच जोडीत दिसतं. बाईला करुणा द्यायची आणि प्रज्ञा तिच्यापासून काढून घ्यायची, हा खेळ पितृसत्तेनं सगळीकडे खेळला. प्रज्ञेशिवायची करुणा म्हणजे पोटात घालणं. कुणाचं दुःख, कुणामुळे, किती दिवस आणि का, हे न विचारता पोटात घालत राहणं.

सहस्र हातांच्या क्वान-यिनची मूर्ती किंवा चित्र कधी बघायला मिळालं तर जवळ जाऊन पाहा. तिच्या प्रत्येक तळहातावर एक डोळा कोरलेला असतो. मदतीला जाणारा हात आंधळा नसतो. तो आधी बघतो.

केंद्रात येणारी ती प्लॅस्टरवाली बाई पुन्हा आली, तर तिला आपण 'रागव' असंही सांगायचं नाही आणि 'माफ कर' असंही नाही. काय करायचं ते तिनं बघून ठरवावं. आपण तिला दोन दिवस राहायला जागा, पोलिसांत तक्रार लिहायला मदत आणि तिचं म्हणणं मधे न तोडता ऐकणं, एवढं द्यायचं. औरंगाबादच्या त्या ओसरीतला पुरुष हेच करत होता. बेड्यांच्या चौकटीत तो धावून येतो तो बेड्या तोडायला. बेड्या घातलेल्याला सहनशक्ती द्यायला तो आलेला नाही.

आणि हो, पुढच्या ८ मार्चला पाहुणे ते वाक्य बोललेच, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्यांना एवढं सांगा, की साहेब, करुणेच्या मूर्तीला पूर्वी मिशी होती. तुम्हीही थोडी करुणा घ्यायला हरकत नाही.

आता तुमचे प्रश्न.